घरून नोकरी : सोय आणि तिची किंमत

मार्च २०२० च्या टाळेबंदीत पुण्या-मुंबईच्या कंपन्यांतील अनेक मुले-मुली लॅपटॉप घेऊन गावी परतली. त्यांपैकी काही आजही घरूनच काम करतात. घरचे ताजे जेवण मिळते, खोलीभाडे वाचते, आईवडिलांना सोबत होते. डॉक्टर म्हणून मला हे चांगलेच वाटते. पण मान-पाठदुखी व निद्रानाशाच्या तक्रारी घेऊन हीच मंडळी माझ्याकडे येतात.

नोकरीवर जाताना निदान बसथांब्यापर्यंत चालणे होई. आता तेही नाही. शिवाय काम घरातच असल्याने सुटण्याची वेळच उरत नाही. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ तास वा अधिक काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी जास्त असतो. सुनेच्या वाट्याला तर स्वयंपाकघर आणि कंपनी एकाच वेळी येतात.

माझ्या मते गावी जरूर राहावे, पण काम बंद करण्याची वेळ ठरवून ती पाळावी. पलंगावर बसून काम करू नये, टेबल-खुर्ची वापरावी. तासाभराने उठावे, रोज अर्धा तास भरभर चालावे. घरच्यांनीही ‘घरीच तर आहे’ म्हणून कामाच्या वेळेत दळणाला पाठवू नये. नोकरी घरात आली, तरी ती नोकरीच आहे.