हिरवं दिसलं म्हणजे तगलं?

डिसेंबरात नारायणगावजवळ ऊसतोड कामगारांच्या मुक्कामावर गेले होते. कॉलेजची असाइनमेंट होती, विषय होता कामगारांच्या मुलांची शाळा. कोप्यांच्या रांगेत एक मावशी भाकरी थापत बसल्या होत्या. बीड जिल्ह्यातल्या. गावाकडं तीन एकर कोरडवाहू, त्यात कापूस. मी आपलं सहज विचारलं, "यंदा कापूस कसा झाला मावशी?" त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाल्या, "कापसानं साथ दिली असती, तर तुमचा ऊस तोडाया कोण आलं असतं, बाई?"

मग स्वतःहूनच सांगायला लागल्या. दुकानदार म्हणाला होता, कमी पाण्यावर येणारं बियाणं आहे. पावसानं मध्येच महिनाभर दडी मारली. "झाड हिरवंगार राहिलं बघ शेवटपर्यंत. बोंडंच नव्हती."

असाइनमेंट सबमिट झाली, मार्कही बरे पडले. पण 'झाड हिरवं, बोंडं नाहीत' हे काही डोक्यातून जाईना. त्यावर वाचत गेले, अॅग्रीला असलेल्या मैत्रिणीचं डोकं खाल्लं, आणि आता तुमचं खाणार आहे.

तुम्ही म्हणाल, जुन्नर-आंबेगावात कापूस होतो कुठं? आपल्याकडे ऊस, टोमॅटो, कांदा, द्राक्षं, सातगाव पठारावर बटाटा. कापसाचं आपल्याला काय? बरोबर आहे. पण कापूस आपल्याकडे होत नसला, तरी तो वाळला की त्याची माणसं आपल्याकडे येतात. आपल्या कारखान्यांचा हंगाम त्यांच्याच कोयत्यावर चालतो. आणि खरं सांगायचं तर दुष्काळ आपल्याला तरी कुठं नवा आहे? कुकडी प्रकल्पाची माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही पाच धरणं आपल्या दोन तालुक्यांत. तरीही आणे पठारावरचा मित्र उन्हाळ्यात टँकरच्या वेळा पाठ सांगतो. लोणी-धामणीकडच्या मैत्रिणीला विचारा, ती वेगळं काही सांगणार नाही. पश्चिमेला भीमाशंकरच्या डोंगरात पाऊस कोसळतो, पूर्वेला ढग नुसते पुढे जातात. दोन्हींची सरासरी काढली की तालुका कागदावर ओलाचिंब! २०२३ मध्ये सरकारनं दुष्काळी म्हणून जाहीर केलेल्या पहिल्या ४० तालुक्यांत आपला शेजारी शिरूर होता. जुन्नर आणि आंबेगाव नव्हते.

सरासरी जशी फसवते, तसंच डोळेही फसवतात. कोणतं झाड दुष्काळात तगतं हे ओळखायचं कसं, हा प्रश्न इथूनच सुरू होतो.

आपण काय करतो? दुपारी शेतात जातो. एक झाड मान टाकून उभं, शेजारचं ताठ. आपण ताठ झाडाला शाबासकी देतो. पण मान टाकलेलं झाड कदाचित शहाणं असेल. पानं खाली झुकली की ऊन कमी लागतं आणि पाणी वाचतं. संध्याकाळी ते पुन्हा उभं राहतं. ताठ उभं असलेलं झाड कदाचित मुळातच लहान असेल, पानं कमी, म्हणून खर्च कमी. ते जगेल, पण पिकवेल काय?

कापसाच्या बाबतीत तर हा घोळ जास्तच. कापूस हे मुळात अनेक वर्षं जगणारं झुडूप आहे, आपण त्याला एका हंगामाचं पीक बनवलं. पाण्याचा ताण पडला की ते आधी स्वतःचा जीव वाचवतं. पाते गळतात, फुलं गळतात, कोवळी बोंडं गळतात. झाड उभंच राहतं. नंतर एखादी सर आली की नवी पालवी फुटते आणि लांबून पाहणाऱ्याला वाटतं, वा, काय टिकलंय! मावशींच्या शेतात बहुधा हेच झालं असावं. झाड तगलं, पीक गेलं.

दुष्काळाशी झाडं ढोबळमानानं तीन प्रकारे लढतात. पहिला प्रकार पळ काढण्याचा. कमी दिवसांत पिकून मोकळं व्हायचं, दुष्काळ येईपर्यंत थांबायचंच नाही. आपल्याकडची मटकी किंवा लवकर येणारी बाजरी आठवा. दुसरा प्रकार पाणी राखण्याचा. मुळं खोल न्यायची, पानांवरची सूक्ष्म छिद्रं म्हणजे पर्णरंध्रं वेळेवर मिटायची. तिसरा प्रकार सोसण्याचा. आतलं पाणी कमी झालं तरी पेशींनी काम चालू ठेवायचं. पिशवीवर 'दुष्काळ सहनशील' असं छापलेलं असतं तेव्हा यातलं नेमकं काय म्हणायचं असतं? विचारून बघा. दुकानदाराला सांगता येणार नाही, कारण त्यालाही कुणी सांगितलेलं नसतं.

शास्त्रज्ञ हे मोजतात कसं, हे कळलं तेव्हा मला आश्चर्य वाटलं. यातली एक चाचणी तुमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये होऊ शकते. पानाचे गोल तुकडे कापा आणि लगेच वजन करा. ते काही तास पाण्यात तरंगत ठेवा, वरचं पाणी टिपा, पुन्हा वजन करा. मग ओव्हनमध्ये पूर्ण सुकवून तिसरं वजन घ्या. समजा ताजं वजन १.२ ग्रॅम, पाणी पिऊन फुगलेलं १.५ आणि सुकं ०.३. म्हणजे पानात पाणी होतं ०.९ ग्रॅम आणि मावू शकत होतं १.२. टक्केवारी ७५. याला पानातलं सापेक्ष जलप्रमाण म्हणतात. एकाच वेळी पाणी तोडलेल्या दोन वाणांत हे आकडे रोज घेत गेलात, तर कोण लवकर कोरडं पडतं ते दिसतं. तराजू, ओव्हन, पंच मशीन आणि चिकाटी, एवढंच लागतं. पहिल्या तीन गोष्टी लॅबमध्ये मिळतात.

दुसरी पद्धत पानांचं तापमान घेण्याची. झाड पाणी बाहेर टाकतं तेव्हा पान थंड राहतं, आपल्याला घाम आल्यावर बरं वाटतं तसं. रंध्रं मिटली की पान तापतं. दुष्काळातही एखाद्या वाणाची पानं शेजाऱ्यापेक्षा थंड राहिली, तर त्याच्या मुळांना खाली कुठंतरी ओल सापडली असण्याची शक्यता मोठी.

पण यातली कुठलीही एक चाचणी पुरेशी नाही. शेवटी वजनकाट्यावर किती आलं, ते बघावंच लागतं. तिथंही गंमत आहे. समजा 'अ' वाण पाणी असताना १० क्विंटल देतो आणि दुष्काळात ६. 'ब' वाण पाणी असताना ५ आणि दुष्काळात ४. घट बघितली तर 'अ' ४० टक्क्यांनी पडला, 'ब' फक्त २० टक्क्यांनी. १९७८ मध्ये फिशर आणि मॉरर यांनी मांडलेला दुष्काळ-संवेदनक्षमता निर्देशांक अशीच घट मोजतो. त्यानुसार 'ब' जास्त सहनशील. पण घरात ६ क्विंटल येणार की ४? शेतकऱ्याचा प्रश्न हा असतो. 'सहनशील' या एका शब्दात दोन वेगळी उत्तरं लपू शकतात, आणि कुठलं उत्तर छापायचं हे विकणारा ठरवतो.

त्यात माती आलीच. लांब मुदतीचा संकरित कापूस खोल काळ्या जमिनीत ऑक्टोबरनंतरही ओलीवर बोंडं भरतो. तोच वाण हलक्या, उथळ रानात लावला, तर पाऊस गेल्यावर ऐन बोंडं भरायच्या वेळी उपाशी राहतो. महाराष्ट्रात कापसाखाली सुमारे ४० लाख हेक्टर क्षेत्र आहे आणि त्यातलं बहुतेक पावसाच्या भरवशावर. स्वातंत्र्याच्या वेळी देशातला जवळपास सगळा कापूस देशी जातींचा होता, खोल मुळांचा आणि काटक. धागा आखूड म्हणून तो मागे पडला. मग संकरित वाण आले, २००२ मध्ये बीटी कापसाला मंजुरी मिळाली. बीटीचं काम बोंडअळीविरुद्धचं, दुष्काळाविरुद्धचं नाही. हा फरक अजूनही अनेकांना माहीत नसतो. अळीसाठी एखादं जनुक पुरलं, पण दुष्काळ सोसणं अनेक जनुकांवर ठरतं, म्हणून ते ओळखणंही अवघड आणि बियाण्यात आणणंही. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानं लांब धाग्याचे देशी वाण तयार केले आहेत. नागपूरला केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे. आपल्याच जिल्ह्यात, बारामतीजवळ माळेगावला, राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था २००९ पासून आहे, आणि दुष्काळासारखे ताण पिकं कसे सोसतात हाच तिचा विषय. म्हणजे ज्ञान आहे. ते मावशींच्या दुकानदारापर्यंत पोचत नाही, हे दुखणं आहे.

आता कुणी म्हणेल, बियाण्याचं काय घेऊन बसलीस, पाणी आणा. आणाच. आणे पठाराला पाणी मिळालं पाहिजे, यावर वाद नाही. पण धरणांच्या पायथ्याशी असूनही पठार उंचावर असल्यानं कोरडं राहतं, तर बीडच्या प्रत्येक माळरानावर कालवा कधी पोचणार? तोवर ते शेत पावसावरच असणार. आणि पावसावरच्या शेतकऱ्याकडे हंगामात एकच मोठा निर्णय असतो, कुठलं बी मातीत टाकायचं. तो निर्णय तरी त्यानं डोळे उघडे ठेवून घ्यावा.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. बियाण्याच्या पिशवीवर उगवणक्षमता आणि शुद्धता छापावी लागते, १९६६ च्या बियाणे कायद्याचा तो आधार आहे. तसंच 'कमी पाण्यात येणारं' असा दावा कुणी केला, तर कुठल्या मातीत, किती दिवस पाणी नसताना आणि किती उत्पादन मिळालं, हेही मराठीत छापायला लावा. आकडा नसेल तर दावाही नको.

दुसरी गोष्ट तुमच्या-माझ्या हातातली. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट कसे होतात ते आपल्याला ठाऊक आहे. सीनियरची फाईल घ्यायची, नाव बदलायचं, स्पायरल बाइंडिंग करायचं. त्यापेक्षा आणे पठारावरून आणि लोणी-धामणीतून बाजरीचं, मटकीचं, हुलग्याचं घरचं बियाणं आणा. कुंड्यांत लावा, पाणी तोडा, वजनं घ्या. अडलात तर नारायणगावचं कृषी विज्ञान केंद्र हाकेच्या अंतरावर आहे. दहा कुंड्यांवरून कुठलाही वाण सिद्ध होत नाही हे मान्य. त्याला अनेक वर्षं आणि अनेक शेतं लागतात. पण दोनशे मुलांनी हे एकदा स्वतःच्या हातानं केलं, तर दुकानात त्यांच्या वडिलांना कुणी 'कमी पाण्यावर येतं' असं सांगितल्यावर ती मुलं "कशावरून?" एवढं तरी विचारतील. आणि एखादं घरचं बियाणं खरंच दमदार निघालं, तर २००१ च्या कायद्यानुसार शेतकऱ्याला आपल्या वाणाची नोंदणीही करता येते.

निघताना मावशींनी मला भाकरी खायला लावली. त्यांची मुलगी शेजारी बसून माझ्या वहीत डोकावत होती. आठवीत आहे, म्हणजे गावाकडच्या शाळेच्या हजेरीपटावर. कापूस पिकला असता, तर त्या दिवशी ती वर्गात असती. पुढच्या जूनमध्ये तिचे आईवडील पुन्हा त्याच दुकानाच्या पायरीवर उभे राहतील आणि विचारतील, "कमी पाण्यात येणारं कुठलं हाय?"

त्यांना कुणीतरी खरं उत्तर द्यायला हवं. ते उत्तर मोजून काढण्याची सोय तुमच्या लॅबमध्ये आहे. ओव्हन बंद असेल, तर आधी तो दुरुस्त करून घ्या.