साक्षीदार बाईची साडी दिसली, साक्ष कुठे गेली? रहस्यकथेतली 'नजर' नेमकी कुणाची असते

समजा, एका रहस्यकथेत पिरंगुटच्या कारखान्यात खून झालाय. तपासाला पौडहून फौजदार येतो. सुपरवायझर भेटतो, तेव्हा कळतं की तो इथे बारा वर्षं आहे आणि मालकावर नाराज आहे. मग अकाउंटंट बाई येतात. त्यांच्याबद्दल कळतं ते एवढंच, की साडी चापूनचोपून नेसलीय आणि बांधा भरीव आहे. खुनाच्या रात्री त्या कुठे होत्या, हे विचारायला आणखी दोन पानं जातात.

कथा काल्पनिक, पण अशी वर्णनं मराठी रहस्यकथा आणि भयकथा वाचणाऱ्यांना नवी नाहीत. दिवाळी अंकांत होती, आता मोबाइल ॲपवरही आहेत. वाद झाला की दोनच आवाज येतात : 'अश्लील आहे, बंद करा' आणि 'पात्रच तसं आहे, लेखकाला का धरता?'

पहिल्या आवाजाचं काय होतं, ते 'श्यामा' प्रकरणात दिसलं. 1962 च्या 'रंभा' मासिकाच्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची ही कथा आली. पुण्याच्या एका रहिवाशाने तक्रार केली. मॅजिस्ट्रेटकडे सुटका, मुंबई उच्च न्यायालयात 25 रुपये दंड आणि 1969 मध्ये सर्वोच्च न्यायालयात काकोडकर निर्दोष. कथा फार दर्जेदार नसली तरी वाचणाऱ्याला बिघडवणारी नाही, असं कोर्टाचं म्हणणं. निकाल योग्यच होता.

पण सात वर्षांत प्रश्न एकच विचारला गेला : वाचक बिघडेल का? ही गोष्ट निशिकांत या कवीच्या आयुष्यात आलेल्या नीला, वनिता आणि श्यामा यांची. नाव श्यामाचं, पण केंद्रस्थानी तो. या बायका त्याच्या नजरेबाहेर कोण आहेत, हे विचारणं कोर्टाचं काम नव्हतं. ते वाचकाचं.

मग 'पात्रच तसं आहे' हे खरं का?

कधी कधी खरं. गोष्ट 'मी' सांगत असेल, तर तो 'मी' बायकांकडे वाईट नजरेने बघणारा असू शकतो. लेखकाने त्याला सज्जन करावं अशी सक्ती नाही. पण तृतीयपुरुषी निवेदनात, जिथे खोलीत दुसरं कुणीच नसताना बाईच्या ओल्या केसांवर चार ओळी खर्च होतात, तिथे बघणारं पात्र कोणतं? तिथे ही सबब टिकत नाही. (बाई एकटी असताना स्वतःच्या बांध्याचा विचार करत बसते, हाही या कथांचा जुना गैरसमज.)

पुन्हा पिरंगुटला येऊ. समजा, फौजदारच 'मी' म्हणून सांगतोय. अकाउंटंट बाईंनी पहिल्याच दिवशी गेटचं रजिस्टर काढून ठेवलंय, पण तो साडीच बघत बसलाय. शेवटच्या प्रकरणात त्याच रजिस्टरमुळे खुनी सापडतो. दुसऱ्याच प्रकरणात त्या टेबलावरच्या रजिस्टरकडे वाचकाचं लक्ष गेलं असेल, तर ती नजर फौजदाराची. साडी तीनदा आली आणि रजिस्टर कथेत कुठेच नसेल, तर ती लेखकाची.