संसाराला जामीनदार

२०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे अकराशेंहून अधिक स्त्रिया मोजल्या गेल्या. महाराष्ट्रातील दुसऱ्या कोणत्याही जिल्ह्यात हे प्रमाण इतके नव्हते. कोकणात मुली अधिक जन्मतात असा याचा अर्थ नाही. पुरुष घरी नसतात, एवढाच आहे. आधी मुंबईच्या गिरण्या आणि गोदी, मग बोटीवरची खलाशी, त्यानंतर आखाती देश. नवराबायकोने एका छपराखाली राहणे ही गोष्ट या जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या मिळकतीच्या हिशेबात बसवावी लागली आहे. म्हणूनच परदेशी जोडीदाराला आपल्यापाशी कायमचे राहता यावे यासाठी करावी लागणारी सरकारी खटपट हा मूठभर सुखवस्तू कुटुंबांचा प्रश्न आहे, असे निदान आपण तरी मानू नये.

या व्यवहारात जो अर्ज करून जोडीदाराला बोलावतो त्याला हल्ली ‘प्रायोजक’ म्हणतात. हा शब्द क्रिकेटच्या सामन्यांना शोभतो. खरा शब्द जामीनदार हा आहे. ब्रिटनमध्ये २०१२ साली ठरले की परदेशी पत्नीला किंवा पतीला आणणाऱ्याची वार्षिक मिळकत किमान १८,६०० पौंड हवी. ११ एप्रिल २०२४ रोजी हा आकडा २९,००० पौंडांवर नेण्यात आला. अमेरिकेत जामीनदाराची मिळकत सरकारी दारिद्र्यरेषेच्या सव्वापट असावी लागते, आणि त्याने लिहून दिलेली हमी घटस्फोटानेही सुटत नाही. संयुक्त अरब अमिरातीत तर कायमच्या वास्तव्याचा प्रश्नच नाही. महिना चार हजार दिरहम, किंवा तीन हजार आणि राहायला जागा, एवढे असेल तर बायको आणता येते, आणि नवऱ्याची नोकरी गेली की तिचा परवानाही जातो.

या अटींचे समर्थन सार्वजनिक तिजोरीवर भार पडू नये या युक्तिवादाने केले जाते. अर्थशास्त्राच्या दृष्टीने हा युक्तिवाद लंगडा आहे. दोन चुली मांडण्यापेक्षा एक चूल स्वस्त पडते, हे सांगायला पदवी लागत नाही. शिवाय बाहेरून येणारी व्यक्ती उद्या तेथे काय कमावू शकेल, हे ब्रिटिश नियम जमेस धरीतच नाहीत. शिकलेली, कामाला तयार असलेली परिचारिका त्यांच्या लेखी केवळ खाणारे एक तोंड ठरते. तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली मिळकतीची अट तत्त्वतः वैध ठरवली खरी; परंतु मुलांच्या हिताचा आणि मिळकतीच्या अन्य मार्गांचा विचार न केल्याबद्दल सरकारला दोषही दिला. अट मात्र राहिली, आणि आकडा वाढला.

कोकणाला हे नवे नाही. केप टाउनला गेलेल्या हिंदी मुसलमानांत कोकणी लोकांचा, विशेषतः रत्नागिरीकरांचा, मोठा भरणा होता. हे लोक ठराविक मुदतीचा परवाना घेऊन गावी येत आणि मुदत संपण्याआधी बोट पकडत. बायका बहुधा गावीच राहत. त्यांना न्यायचे म्हटले तर विवाहाचा पुरावा कोणता, हा प्रश्न उभा राही. १४ मार्च १९१३ रोजी न्यायमूर्ती सर्ल यांनी हिंदुस्थानातून आलेल्या एका मुसलमान पत्नीच्या प्रवेशाच्या खटल्यात निकाल दिला. बहुपत्नीकत्वाला मुभा असलेल्या धर्माच्या विधीने झालेला विवाह तेथील कायदा विवाह मानीत नाही, असे त्यांनी ठरवले. एका लेखणीच्या फटकाऱ्यासरशी हजारो हिंदी स्त्रिया कायद्याच्या दृष्टीने रखेल्या ठरल्या. त्याच वर्षी कस्तुरबांसह स्त्रिया सत्याग्रहात उतरल्या आणि तुरुंगात गेल्या. गांधीजींच्या त्या लढ्याची आठवण आपण तीन पौंडांच्या डोईपट्टीसाठी ठेवतो. तो बायकोला बायको म्हणवून घेण्याचाही लढा होता, हे सहसा सांगितले जात नाही. १९१४ च्या कायद्याने एका पत्नीपुरती मान्यता मिळाली. पुढे १९५३ च्या कायदादुरुस्तीने हिंदुस्थानातून बायका आणण्याचा तो मार्गही बंद करण्यात आला.

वर्णद्वेषी राजवटीकडून याहून वेगळी अपेक्षा कोण करणार? पण लोकशाहीची माहेरघरे म्हणवणाऱ्यांनी काय केले तेही पाहावे. जानेवारी १९७९ मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळावर विवाहासाठी आलेल्या एका भारतीय शिक्षिकेची कौमार्यतपासणी करण्यात आली. ती खरोखर अविवाहित आहे की नाही हे म्हणे पाहायचे होते. त्या काळात ब्रिटनमध्ये स्थायिक झालेला पुरुष बायको आणू शके, मात्र तेथे स्थायिक झालेल्या स्त्रीला नवरा आणणे जवळपास अशक्य केलेले होते. तीन स्त्रिया हा प्रश्न घेऊन स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेल्या, आणि २८ मे १९८५ रोजी हा लिंगभेद असल्याचा निर्णय त्यांच्या बाजूने झाला. सरकारने समता आणली, पण कशी? स्त्रियांना पुरुषांचा हक्क देण्याऐवजी पुरुषांचाच हक्क आखडून घेतला. विवाहाचा मुख्य हेतू देशात शिरणे हा नाही, असे अर्जदाराने सिद्ध करण्याची अट १९९७ पर्यंत चालू होती.

खोटे विवाह होतात हे कोणी नाकारीत नाही. त्यांचा तपास करावा, खटले भरावेत. परंतु पगाराच्या पावतीवरून विवाहाचा खरेपणा कळत नाही. श्रीमंताचा खोटा विवाह या चाळणीतून सहज खाली उतरतो, आणि गरिबाचा खरा वर अडकून राहतो.

यापेक्षाही गंभीर गोष्ट आहे ती जामीनकीने घरात निर्माण होणाऱ्या सत्तेची. जिचे राहणे नवऱ्याच्या सहीवर अवलंबून आहे, तिला तो कधीही ‘परत धाडीन’ म्हणू शकतो. सुटीच्या निमित्ताने माहेरी आणून, पासपोर्ट काढून घेऊन टाकून दिलेल्या मुलींची दुःखे आपल्याकडे आता अपरिचित राहिलेली नाहीत. अमेरिकेने १९९४ साली छळ झालेल्या पत्नीला स्वतःच्या नावे अर्ज करण्याची वाट दिली. ब्रिटननेही पुढे तशी तरतूद केली. वास्तव्याचा हक्क येणाऱ्या व्यक्तीचा असावा, बोलावणाऱ्याचा नव्हे, हे तत्त्व एवढ्यापुरते तरी तेथे मान्य झाले आहे.

आणि आपण? १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात विवाहामुळे नोंदणीचा मार्ग मुळात फक्त स्त्रियांसाठी होता. भारतीय पुरुषाची परदेशी पत्नी नागरिक होऊ शके, भारतीय स्त्रीचा परदेशी पती या कलमाखाली नव्हे. १९८६ साली ही विषमता दूर झाली. परदेशात जन्मलेल्या मुलाला आईच्या नात्याने भारतीय नागरिकत्व मिळण्यासाठी मात्र १९९२ साल उजाडावे लागले. यानंतर पाऊल मागे पडले. मूळ कलमात ‘विवाहित आहेत किंवा होत्या’ अशा अर्थाचे शब्द होते, म्हणजे विधवा आणि घटस्फोटिता यांनाही त्यात जागा होती. २००३ च्या दुरुस्तीने निवासाची अट पाच वर्षांवरून सात वर्षांवर नेली, आणि ‘होत्या’ हा शब्द वगळला. लोकसभेत त्या एका शब्दासाठी रान उठायला हवे होते.

ज्यांना मूळ देशाचे नागरिकत्व सोडायचे नाही, त्यांना दोन वर्षांच्या नोंदणीकृत विवाहानंतर ओसीआय कार्ड मिळू शकते. परंतु २०१५ साली घातलेल्या तरतुदीनुसार विवाह संपुष्टात आला की हे कार्ड रद्द करता येते. समजा चिपळूणला किंवा दापोलीला बारा वर्षे संसार केलेली, येथेच मुले वाढवलेली परदेशी स्त्री घटस्फोट मागू लागली. तिला न्यायालयाची पायरी चढताना पोटगीच्या आधी हाच विचार करावा लागेल की निकाल लागल्यावर आपल्या मुलांजवळ राहता येईल की नाही. मारहाण सोसणे तिला स्वस्त वाटावे, अशीच ही रचना आहे.

पाकिस्तानी वा बांगलादेशी जोडीदाराला तर हे कार्डही नाही. पणज्यापर्यंतचे नाते पाहून ते नाकारले जाते. फाळणीनंतर कोकणी मुसलमानांची अनेक घरे येथे आणि कराचीत विभागली गेली, सोयरिकी मात्र चालू राहिल्या. अशा स्त्रियांना आधार तो दीर्घ मुदतीच्या व्हिसाचा. पहलगामच्या अमानुष हत्याकांडानंतर एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले तेव्हा या व्हिसाधारकांना वगळण्यात आले, हे योग्यच झाले. पण ती सवलत होती, हक्क नव्हता.

नागरिकत्व कायद्यात ‘होत्या’ हा शब्द परत यावा. ज्यांनी येथे सात वर्षे काढली आहेत किंवा ज्यांची मुले येथे आहेत, त्यांचे कार्ड केवळ घटस्फोटाच्या कारणाने रद्द होऊ नये. यासाठी नवा कायदा नको, आयोगही नको. दोन कलमांची दुरुस्ती पुरे. ती खाजगी विधेयकानेही मांडता येते, आणि कोकणच्या खासदारांना त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.