थोरल्या सभासदांनो, एक दिवस एस.टी.त बसा



आपल्या भागात 'सहल' हा शब्द जरा बदनाम झालेला आहे. निवडणूक जवळ आली की मतदारांना गाडीत घालून कुठंतरी लांब नेतात, चार दिवस खाऊपिऊ घालतात आणि मतदानाच्या सकाळी आणून सोडतात. त्यालाही आपण सहलच म्हणतो. आम्ही जिच्याबद्दल लिहितो आहोत ती सहल निराळी. तिचं तिकीट ज्यानं त्यानं आपल्या खिशातून काढायचं आणि दिवेलागणीला घरी परतायचं.

मुद्दा असा आहे. आपल्या सभासदांत साठी-सत्तरी ओलांडलेले पुष्कळ आहेत. शेअर त्यांच्या नावावर, शेत मात्र मुलाच्या हाती. उसाची नोंद, तोड, वजन, बिल, सगळं मुलगा मोबाइलवर बघतो. त्याला आमची हरकत नाही. कारभार वेळेवर पोरांच्या हाती गेलाच पाहिजे. पण मग थोरल्यानं दिवसभर करायचं काय? ओटा, पार, टी.व्ही. आणि दवाखाना, एवढंच उरतं. वार्षिक सभेला चला म्हटलं तर, "आता आम्हाला कोण विचारतंय?" असं उत्तर येतं. ज्यांनी पदरमोड करून शेअर घेतले, त्यांनीच असं म्हणावं हे संस्थेच्या दृष्टीनंही बरं नव्हे.

गेल्या भाद्रपदात, हंगामाची धांदल सुरू व्हायच्या आधी, आम्ही नऊ जण भंडारदऱ्याला जाऊन आलो. त्यात तिघी बायामाणसं होती. आमच्यापैकी बहुतेकांनी पन्नास-पन्नास वर्षं प्रवरेच्या पाटपाण्यावर ऊस केला. ओझरच्या बंधाऱ्यावरून डावा-उजवा पाट निघतो, तिथवर काही जण गेले होते. पण ते पाणी ज्या धरणातून येतं ते धरण पाहिलेले आमच्यात दोघंच निघाले! पंढरपूर झालं, तुळजापूर झालं, पण ज्याच्या पाण्यावर घर उभं राहिलं ते ठिकाण राहूनच गेलं.

हे धरण १९१० साली बांधायला घेतलं आणि १९२६ साली पुरं झालं. दगडी बांधकाम, उंची सुमारे २७० फूट. १९६९ साली त्याला तडा गेला, तेव्हा खालच्या गावांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. पुढं मागच्या अंगानं आधारभिंती घालून ते मजबूत केलं. त्या भिंती समोर दिसल्या आणि आमच्यातल्या थोरल्यांना ते दिवस आठवले. मग १९७२चा दुष्काळ निघाला, खडी फोडलेली निघाली, सुकडी निघाली. शेजारी बसलेली दोन कॉलेजची पोरं कान देऊन ऐकत होती. घरात हेच बोलायला लागलं की नातवंडं उठून जातात. तिथं मात्र परक्याची पोरं प्रश्न विचारत होती. आपल्याजवळ सांगण्यासारखं अजून काही आहे, हे माणसाला कळायला कधी कधी गाव सोडावं लागतं.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. धरणाच्या वरच्या अंगाला आदिवासी वस्त्या आहेत, भाताची खाचरं आहेत. धो धो पाऊस त्यांच्या डोक्यावर पडतो आणि पाणी येतं आपल्या पाटात. त्यांच्या वाडवडिलांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या, तेव्हा आपल्या जमिनी भिजल्या. खाली निळवंड्याची कथा तर ताजी आहे. त्या प्रकल्पाला मंजुरी १९७० साली मिळाली आणि डाव्या कालव्यातून पाणी वाहिलं ते २०२३ साली. मधल्या त्रेपन्न वर्षांत पाण्याची वाट पाहता पाहता माणसांची पिढी संपली. हे डोळ्यांनी पाहिल्यावर रात्री पाणी सोडून झोपी जायचं आणि सकाळी सरी फुटून रस्त्यावर डबकं साचलेलं बघायचं, ही आपली जुनी खोड मनाला लागते. आमच्यातले एक जण ठिबकाच्या नावानं बोटं मोडणारे. परतीच्या गाडीत ते एवढंच म्हणाले, "पोरगा म्हणतो ते करू द्यावं." दहा चर्चासत्रांनी झालं नसतं ते काम एका दिवसात झालं.

काही जण विचारतील, घरी गाडी असताना एस.टी. कशाला? मुलाच्या गाडीत चार माणसं मावतात आणि वेळ मुलाच्या सोयीची असते. एस.टी.त सगळे एकत्र बसतात आणि कुणाचे उपकार राहत नाहीत. शिवाय तिचं आणि आपलं वय एकच. राज्यातली पहिली एस.टी. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर, अशी धावली. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच याच जिल्ह्यात प्रवरानगरचा कारखाना उभा राहिला. दोन्ही गाड्या सामान्य माणसानंच ओढल्या.

खर्चाचंही भय नको. ६५ वर्षांवरच्यांना अर्धं तिकीट आहे, ७५ पूर्ण झालेल्यांना ऑगस्ट २०२२पासून प्रवास मोफत आहे आणि मार्च २०२३पासून बायकांना सरसकट अर्धं तिकीट आहे. वयाचा पुरावा तेवढा जवळ ठेवावा. म्हणूनच आमचा आग्रह आहे की मालकिणींना घरी ठेवून जाऊ नका. बेण्याला डोळा मारण्यापासून खुरपणीपर्यंत त्या शेतात राबल्या, पण शेअर त्यांच्या नावावर नाही आणि धरणही त्यांनी पाहिलेलं नाही. आमच्याबरोबरच्या एक वहिनी पाण्याकडं बराच वेळ बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "एवढ्याशा पाटाला एवढं मोठं घर!"

आता आमची सूचना. दरेक गटातल्या थोरल्या सभासदांनी हंगामाआधी वर्षातून एक दिवस असं बाहेर पडावं. आठ-दहा जणांपेक्षा जास्त नकोत. भाकरी-ठेच्याची शिदोरी, पाण्याची बाटली, रक्तदाबाच्या गोळ्या आणि पायांत धड चपला एवढं पुरे. परतीच्या गाडीची वेळ आधी विचारून घ्यावी. गुडघेदुखीवाल्याला पुढची जागा द्यावी. माणसं जास्तच झाली तर आगारात जाऊन प्रासंगिक करारावर गाडी मिळते का ते पाहावं.

कारखान्याकडं गाडी किंवा पैसे मागू नयेत. एकदा कारखान्याची गाडी आली की तिच्यात कोण बसलं आणि कोण राहिलं याचं राजकारण आलंच. संचालक मंडळानं एवढंच करावं: प्रत्येक गटातून सहलीला जाऊन आलेल्या एका थोरल्या सभासदाला वार्षिक सभेत पाच मिनिटं बोलू द्यावं. काय पाहिलं आणि आपल्या शिवारात काय बदलावं, ते त्यानं सांगावं. माणसं सभेला का येत नाहीत, याची चिंता मग निम्मी कमी होईल.

मुलांनाही एक सांगणं आहे. बाप सकाळी पिशवी घेऊन निघाला तर "या वयात कुठं?" असं विचारू नका. स्टँडवर सोडून या, आणि रात्री जेवताना त्यानं काय पाहिलं ते विचारा.