दाखल्यावरचा शब्द

शहापूर-मुरबाडकडच्या बैठकांत रेशन, दारू, रोजगार हमी यांवर तावातावाने बोलणाऱ्या काही बायका एका प्रश्नाला गप्प होतात. मुलांची शिष्यवृत्ती घेतली का? कुणी कचरा वेचते, कुणाचा नवरा गटारात उतरतो. अशांच्या आणि कातडी सोलणाऱ्या-कमावणाऱ्यांच्या मुलांसाठी १९७७-७८ पासून केंद्राची योजना आहे. जाती-धर्माची अट नाही. घरी राहून शिकणाऱ्या मुलाला आता वर्षाला ३५०० रुपये मिळतात.

तरी या आया फॉर्म भरत नाहीत. पैसा नको आहे का? हवाच आहे. पण योजनेच्या जुन्या नावातला ‘अस्वच्छ व्यवसाय’ हा शब्द अजून तिला चिकटलेला आहे, आणि आईबाप ते काम करतात असा दाखला शाळेत द्यावा लागतो. एका शाळेत तर बाईंनी भर वर्गात विचारलं, “अस्वच्छवाले कोण कोण? उभे राहा.” त्या दिवसापासून त्या पोरीच्या शेजारी डबा खायला कोणी बसेना. आईचं काम कळलं की जात कळते. तालुक्याच्या गावात त्याला वेळ लागत नाही. घाण आपण सगळे करतो, आणि ती उचलणारी अस्वच्छ!

म्हणून आई उजाडायच्या आत कामाला जाते. घरी आल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय पोरीच्या वहीला हात लावत नाही. “विचारलं तर आई कामाला जाते एवढंच सांग,” असं बजावते. शहरातल्या आपल्या काही मैत्रिणी म्हणतात, लपवता कशाला, अभिमानाने सांगा. मला हे पटत नाही. श्रमप्रतिष्ठेचे धडे नेहमी याच वस्तीला का? ते बाकीच्या वर्गाला द्या की!

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी बायकांना सांगितलं होतं, जात ओळखू येईल असं नेसणं आणि दागिने टाकून द्या. बायकांनी ते ऐकलं. नेसणं आपल्या हातातलं होतं. सरकारी कागदावरचा शब्द एकट्या आईला कसा पुसता येणार?

माझं म्हणणं एवढंच, की योजना राहू द्या, तो शब्द पुसा. दाखला मुलाच्या हाती नको. मुख्याध्यापकांनी तो पालकांकडूनच घ्यावा आणि वर्गात यातलं काही विचारू नये. जूनमध्ये शाळा उघडायच्या आत दोन्ही तालुक्यांच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जायचं आहे. ज्यांच्या घरी हे काम कधीच नव्हतं, अशा बायका जास्त याव्यात. म्हणजे मोर्चात कोण कोणाची, हे शोधत बसता येणार नाही.