बिघडवणारा नेहमी दुसऱ्याच्या घरचा

मुलाच्या दप्तरात गुटख्याची पुडी सापडली की घरातले पहिले वाक्य ठरलेले असते : "आमचा पोरगा असा नव्हता हो, संगतीने बिघडला." ज्याच्या संगतीने तो बिघडला, त्याच्याही घरी त्याच संध्याकाळी हेच वाक्य ह्याच सुरात म्हटले जात असते. हिशेब मांडायला बसलो तर बिघडलेली मुले घरोघरी निघतील, बिघडवणारा मात्र एकाही घरात सापडायचा नाही. ज्या खटल्यात सगळेच फिर्यादी आणि आरोपी कुणीच नाही, त्या खटल्याची फिर्याद एकदा तपासून पाहायला हवी.

पूर्वपक्ष आधी नीट मांडू. तो दुबळा करून मग पाडण्यात पुरुषार्थ नाही. पूर्वपक्षाचे म्हणणे असे : वयात येणारे पोर आईबापांपेक्षा मित्रांचे ऐकते. एकटे असताना जे करायला धजणार नाही, ते चौघांत बिनदिक्कत करते. पहिली सिगारेट, पहिला बिअरचा घोट, तिघे बसून पळवलेली मोटारसायकल, ह्या साऱ्यांचा जन्म टोळक्यात होतो. तेव्हा टोळके तोडा, पोर वाचेल. ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ ही म्हण ह्याच पक्षाची साक्षीदार. अलीकडे तिच्या जोडीला ‘पिअर प्रेशर’ आले आणि पालकसभेत ते म्हणीपेक्षा अधिक भारदस्त वाटू लागले.

ह्या पक्षाला शास्त्राचा आधार आहे, हेही मान्य करू. अमेरिकेतल्या मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग ह्यांनी २००५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ; सिग्नल पिवळा झाल्यावर गाडी किती पुढे दामटायची, हे खेळणाऱ्याने ठरवायचे. १३ ते १६ वयाची मुले एकटी असताना जेवढा धोका पत्करत, त्याच्या जवळजवळ दुप्पट धोका मित्रांदेखत पत्करत. चोविशी ओलांडलेल्यांना मात्र मित्र शेजारी असण्या-नसण्याने फारसा फरक पडत नव्हता. म्हणजे संगतीचा परिणाम खरा आहे. वाद आहे तो पुढच्या तीन गोष्टींवर : हा परिणाम ‘दबाव’ टाकून होतो का? बिघाडाची सुरुवात मित्रांपासूनच होते का? आणि मित्र तोडणे हा त्यावरचा इलाज आहे का? माझे म्हणणे असे की तिन्ही प्रश्नांना आपण देत आलेली ‘हो’ ही उत्तरे चुकीची आहेत, आणि ती आपण देत राहतो कारण ती मोठ्यांच्या सोयीची आहेत.

पहिला प्रश्न दबावाचा. आपल्या डोळ्यांसमोर चित्र असते ते शाळेमागच्या भिंतीआड चार दांडगटांनी एका गरीब गाईसारख्या मुलाला घेरल्याचे : ‘ओढ, नाहीतर भित्रा!’ असे घडत नाही असे नाही. पण त्याच स्टाइनबर्ग ह्यांच्या गटाने २०११ मध्ये पुढचा प्रयोग प्रसिद्ध केला, तो ह्या चित्राला छेद देतो. मुलाच्या मेंदूची चित्रे घेणारे यंत्र एका खोलीत, मित्र दुसऱ्या खोलीत. ते पडद्यावर त्याचा खेळ फक्त पाहत होते. कुणी ढकलत नव्हते, चिडवत नव्हते. तरीही किशोरांनी अधिक धोका पत्करला, आणि मेंदूतली बक्षिसाच्या अपेक्षेने जागी होणारी केंद्रे त्यांच्या बाबतीत अधिक सक्रिय झाली. जोर बाहेरून लागत नव्हता. आपण त्यांच्यात शोभावे, ही ओढ आतून होती.

हा फरक ओळखला नाही की उपाय फसतो. दबाव आहे असे धरले की ‘नाही म्हणायला शिकवा’ एवढेच सुचते. अमेरिकेत १९८३ साली लॉस एंजेलिसमध्ये ‘डेअर’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला. गणवेशातला पोलीस वर्गात येऊन अमली पदार्थांना नकार कसा द्यायचा, ते शिकवी. कार्यक्रम देशभर पसरला, पालक खूश, पोलीस खूश. १९९४ मध्ये अनेक पाहण्यांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले तेव्हा व्यसनांवरचा परिणाम नगण्य निघाला. १९९९ मध्ये दहा वर्षांनंतरची पाहणी प्रसिद्ध झाली, तीतही फरक आढळला नाही. आपल्या व्यसनमुक्तीच्या शपथा, प्रभातफेऱ्या आणि चित्रकला स्पर्धा ह्याच जातीच्या आहेत. त्यातही जागतिक तंबाखूविरोधी दिन येतो ३१ मेला, म्हणजे आपल्याकडे ऐन उन्हाळी सुट्टीत. शपथ घ्यायला शाळेत पोरेच नसतात.

ह्या ओढीचे दुसरे अंग असे, की मूल मित्रांच्या वागण्यापेक्षा मित्रांविषयीच्या स्वतःच्या कल्पनेमागे अधिक धावते. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या दारूविषयीच्या मतांची पाहणी १९९३ मध्ये प्रसिद्ध झाली. बहुतेकांना वाटत होते की मला हे फारसे रुचत नाही, पण बाकीच्यांना रुचते. ‘बाकीचे’ म्हणजे तरी कोण? तेही मनात हेच म्हणत होते. आपल्याकडे २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत १३ ते १५ वयाच्या विद्यार्थ्यांपैकी ८.५ टक्के कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरताना आढळले. आकडा चिंतेचा आहेच. पण त्याचाच दुसरा अर्थ असा, की शंभरातली एक्याण्णव मुले तंबाखूला शिवत नाहीत. आणि आपण काय सांगतो? ‘आजकालची पोरं, सगळीच असली!’ ज्या क्षणी पंधरा वर्षांचा मुलगा हे ऐकतो, त्या क्षणी न खाणारा तो एकटाच ठरतो. मित्रांनी न आणलेला दबाव त्याच्यावर आपणच आणलेला असतो.

दुसरा प्रश्न सुरुवातीचा. त्याच पाहणीत आणखी एक गोष्ट निघाली. ज्यांनी कधी ना कधी चघळायची तंबाखू वापरली होती, त्यांच्यापैकी ५२ टक्क्यांनी ती वयाची दहा वर्षे पुरी होण्याआधीच तोंडात टाकली होती. विडीच्या बाबतीत हे प्रमाण ४७ टक्के, सिगारेटच्या बाबतीत ३८ टक्के. आठ-नऊ वर्षांच्या पोरावर कसले आले आहे टोळक्याचे दडपण? त्या वयात त्याची संगत म्हणजे आजोबांची चंची, आजीच्या मशेरीचा डबा, आणि ‘जा रे, टपरीवरून पुडी घेऊन ये’ म्हणणारा काका. विदर्भात गावोगावी पन्नीवर खर्रा घोटणारे हात मोठ्यांचे, मावा मळणारे हात मोठ्यांचे. २००३ च्या कायद्याने शाळा-महाविद्यालयापासून शंभर यार्डांच्या आत आणि अठरा वर्षांखालील कुणालाही तंबाखू विकायला बंदी केली. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. इतके असून पुडी दप्तरात पोचते, ती काही नववीतल्या पोरांनी कारखाना काढला म्हणून नव्हे.

आता कुणी म्हणेल, घरात तंबाखू नसली तरी मुले मित्रांकडून शिकतातच ना? शिकतात. पण कोण कुणाला शिकवतो? डेनिस कॅन्डेल ह्यांनी १९७८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या शाळकरी मित्रांच्या जोड्यांचा वर्षभराचा अभ्यास मांडला. मित्र एकमेकांसारखे असतात त्याचे साधारण निम्मे कारण एकमेकांचा प्रभाव, आणि निम्मे कारण निवड : सारखे असतात म्हणूनच ते एकत्र आलेले असतात. तुमचा पोरगा त्या टोळक्यात ओढला गेला, हे अर्धे खरे. उरलेले अर्धे असे, की तो तिथे आपल्या पायांनी गेला. का गेला, वर्गात, मैदानावर, घरात त्याला कुठे जागा उरली नव्हती, हा प्रश्न ‘संगत’ म्हणून संपवता येतो आणि म्हणूनच ते उत्तर इतके लोकप्रिय आहे.

शिवाय समवयस्कांच्या दडपणाविषयी आपण कोणत्या तोंडाने बोलतो? शेजारच्या मुलीला दहावीत ९६ टक्के पडले म्हणून स्वतःच्या पोराला लातूरला नाहीतर कोट्याला धाडणारा बाप काय स्वतंत्र बुद्धीने निर्णय घेत असतो? ऑफिसातले सगळे करतात, सोसायटीतले सगळे करतात, म्हणून तो करतो. पोराने मित्रांसाठी झोप मोडली तर ते बिघडणे, आणि बापाने आपल्या मित्रांमुळे पोराची दोन वर्षांची झोप मोडली तर ते करिअर! आरोग्याच्या दृष्टीने ह्यातले कोणते अधिक महाग पडते, हे एकदा बालरोगतज्ज्ञांना विचारून पाहावे.

तिसरा प्रश्न तोडण्याचा. शाळा बदला, मोबाईल काढून घ्या, मामाकडे पाठवा. मुलींच्या बाबतीत तर ह्याचा पुढचा टप्पा म्हणजे शाळाच बंद. ‘तिच्या मैत्रिणी बऱ्या नाहीत’ एवढे कारण पुरते. ह्या उपायात दोन उणिवा आहेत. ओढ आतून असेल तर एक टोळके तोडल्याने ती मरत नाही, दुसरे शोधते. आणि पाळत ठेवून हाती फार काही लागतही नाही. स्वीडनमध्ये स्टाटिन आणि कर ह्या संशोधकांनी चौदा वर्षांच्या मुलांचा आणि त्यांच्या पालकांचा अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध केला. पालकांना मुलांविषयी जे ठाऊक होते, ते मुख्यतः मुलांनी आपणहून सांगितल्यामुळे ठाऊक होते. उलटतपासणीने आणि बंधनांनी त्यात अल्पच भर पडत होती. ज्या घरात मित्राचे नाव काढताच कपाळाला आठी पडते, तिथे पोर काय सांगणार?

शाळांचे तर ह्याहून वाईट. आपल्या अनेक शाळांत अजून गुणांवरून तुकड्या पडतात : हुशार ‘अ’मध्ये, उरलेले ‘ड’मध्ये. टॉम डिशन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखवले, की वाट चुकण्याचा धोका असलेली मुले सुधारणेसाठी म्हणून एकाच गटात एकत्र बसवली, तेव्हा त्यांच्यातले तंबाखूचे प्रमाण उलट वाढले. एकमेकांच्या खोडीला मिळणारे हसू हेच तिथले बक्षीस होते. चांगल्या हेतूने चालवलेल्या गटांची ही कथा. मग शिक्षकांनीच मनातून सोडून दिलेल्या ‘ड’ तुकडीची काय असेल? ज्या वाईट संगतीची तक्रार मुख्याध्यापक पालकसभेत करतात, ती जूनमध्ये त्यांनीच यादी लावून तयार केलेली असते.

इथवर खंडन झाले. ‘मग काय, पोरांना मोकाट सोडायचे?’ हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर दिल्याशिवाय खंडन करणे ही नुसती जिभेची खाज. माझा पक्ष असा : मित्रांची ओढ ही किशोरवयातली सर्वांत मोठी शक्ती आहे. तिच्याशी भांडून मोठे हरतात, तिला कामाला लावले तर जिंकतात.

हे स्वप्नरंजन नाही. ब्रिटनमध्ये पश्चिम इंग्लंड आणि वेल्समधल्या ५९ शाळांत ‘असिस्ट’ नावाचा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २००८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना विचारले, तुम्ही वर्गात कुणाला मानता? ज्यांची नावे आली त्यांना शाळेबाहेर प्रशिक्षण दिले आणि मित्रांशी सहज गप्पांतून सिगारेटविषयी बोलायला सांगितले. निवड मुलांची होती. शिक्षकांच्या नावडीची पोरेही त्यात राहिली. दोन वर्षांच्या काळात त्या शाळांतली मुले नियमित सिगारेट ओढू लागण्याचे प्रमाण इतर शाळांपेक्षा कमी राहिले. आपल्याकडे दिल्ली आणि चेन्नईच्या ३२ शाळांत २००४ ते २००६ ह्या काळात ‘मैत्री’ प्रकल्प झाला. वर्गातले उपक्रम विद्यार्थी-नेत्यांनी चालवायचे, अशी त्याची रचना होती. दोन वर्षांत इतर शाळांतले तंबाखूचे प्रमाण वाढले, ह्या शाळांतले घटले.

तिसरा दाखला थेट शाळेच्या वातावरणाचा. गोव्यातल्या ‘संगाथ’ संस्थेने बिहारच्या नालंदा जिल्ह्यात ‘सेहेर’ हा प्रयोग केला. २०१८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. काही शाळांत कार्यक्रम शिक्षकाने चालवला, काहींत त्यासाठी नेमलेल्या स्थानिक ‘मित्रा’ने. तक्रारपेटी, भित्तिपत्रक, मुलांचे गट, समुपदेशन, सगळे तेच. ‘मित्र’ असलेल्या शाळांत नैराश्याची लक्षणे, दादागिरी आणि हिंसा कमी झाली. शिक्षकांनी चालवलेल्या शाळांत फरक दिसला नाही. शिक्षक वाईट असतात असा ह्याचा अर्थ नव्हे. ज्याच्या हातात गुणांची वही आहे, त्याच्यापाशी मन उघडे होत नाही, एवढाच.

ह्यावर शेवटचा आक्षेप येतो : मुलांच्याच हाती दिले तर डिशन ह्यांनी दाखवलेला धोका इथेही नाही का? आहे. म्हणूनच नुसते एकत्र बसवणे आणि जबाबदारी देणे ह्यांत फरक करावा लागतो. गट मिश्र हवा, काम ठरलेले हवे, पाठीशी विश्वासाचे मोठे माणूस हवे. २०१४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात ‘साथिया’ नावाचे समवयस्क शिक्षक आहेत. म्हणजे तत्त्व सरकारने केव्हाच मान्य केले आहे. ते साथिया मोठ्यांना आवडणारी गुणी बाळे असतील तर कार्यक्रम कागदावर राहील. मुले ज्यांना मानतात ती असतील तर चालेल.

तेव्हा पुढच्या पालकसभेत ‘हल्लीची संगत’ हा विषय निघाला तर तीन प्रश्न विचारावेत. आपल्या शाळेत तुकड्या कशावरून पडतात? फाटकापासून शंभर यार्डांत तंबाखू कोण विकते, आणि त्याच्याकडून विकत कोण घेते? आपल्या वर्गातली मुले एकमेकांत कुणाला मानतात, हे त्यांना आजवर कुणी विचारले आहे का? ह्या तीनही प्रश्नांची उत्तरे द्यायला पोरांच्या मित्रांना बोलवावे लागणार नाही. ती देणारी सगळी माणसे त्या सभेतच, पहिल्या दोन रांगांत आणि व्यासपीठावर बसलेली असतील.