मेणबत्त्यांत सुटतं किती?

घरबसल्या चार पैसे मिळवायचे म्हटलं की पापड, लोणची आणि शिवणकामानंतर हमखास पुढे येतात त्या मेणबत्त्या. भांडवल थोडं, शिकायला दोन दिवस पुरतात आणि माल नासत नाही. मराठीत मेणबत्ती, कन्नडात मेणद बत्ती. त्यामुळे गणपत गल्लीत विकताना भाषाही आड येत नाही. आड येतो तो हिशेब.

माझी धाकटी जाऊ मूळची गोकाकची. तिच्या स्त्रीशक्ती संघात यंदा मेणबत्तीच्या यंत्राची चर्चा निघाली. यंत्र साठ हजारांचं, पैसे कर्जाने, आणि विकणाऱ्याचं आश्वासन असं की तयार माल आम्हीच परत घेऊ. बायका हरखून गेल्या होत्या. जाऊ मात्र वही घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, “अक्का, लेक्क हाकि नोडोण.” मग आम्ही दोघींनी बसून हिशेब मांडला.

मेणाचा भाव सारखा बदलतो. पॅराफिन मेण खनिज तेलापासून निघतं, तेव्हा तेल चढलं की मेणही चढतं. नमुन्यासाठी आम्ही किलोला १५० रुपये धरले. एका घाण्याला दोन किलो मेण, म्हणजे ३०० रुपये. मेणबत्ती कडक राहावी, साच्यातून सुटावी म्हणून घालायचं स्टिअरिक अॅसिड २०० ग्रॅम, त्याचे ४०. वात आणि रंग ३०, गॅस २०. पन्नास ग्रॅमच्या चव्वेचाळीस निघतात. चार वाकड्या धरून बाजूला काढल्या, त्या पुढच्या घाण्यात जातील. उरलेल्या चाळिसांच्या वेष्टनाला नगाला ४ प्रमाणे १६० रुपये. एकूण खर्च ५५०, म्हणजे एक मेणबत्ती पावणेचौदा रुपयांना पडली.

ती तीस रुपयांना विकली तर दुप्पट फायदा, असं वाटतं ना? पण दुकानदार तीस टक्के ठेवून घेतो. हाती येतात २१. चाळीस नगांचे ८४०, त्यातून ५५० गेले, रिक्षाचे ६० गेले, उरले २३०. वितळवणं, ओतणं, कापणं, बांधणं यात पाच तास आणि दुकानाच्या खेपा व वसुली यात दोन. सात तासांना भागा, तासाला जेमतेम ३३ रुपये!

हीच मेणबत्ती आधी सांगून ठेवलेल्या गिऱ्हाइकाने घरून नेली, तर १२०० मधून ५५० वजा जाऊन ६५० उरतात. पाच तासांचे तासाला १३० झाले. मेण तेच, हात तेच. मैत्रिणींनो, फायदा मेणात नाही, विक्री कुणाच्या हातात आहे त्यात आहे.

आता यंत्राकडे वळू. घाण्याला २३० रुपये सुटत असतील, तर साठ हजार फिटायला २६० हून जास्त घाणे लागतात. त्यात व्याज धरलेलं नाही आणि बायकांची मजुरी शून्य! यंत्राने माल वाढेल, पण गिऱ्हाईक वाढेलच असं नाही. ‘माल परत घेऊ’ हे तोंडी आश्वासन असेल तर ते नाहीच असं समजा. लेखी असेल, तरी कोणता माल नापास ठरवायचा हे कोण ठरवणार, ते आधी वाचा.

साध्या पांढऱ्या मेणबत्तीच्या नादी लागू नये. कारखान्याचा भाव आपल्याला परवडत नाही आणि घरोघरी इन्व्हर्टर व चार्जिंगचे दिवे आल्यापासून तिचा खपही पूर्वीसारखा नाही. घरगुती हाताला मोल आहे ते सणाला. दिवाळीला पाण्यावर तरंगणाऱ्या, २ नोव्हेंबरला ख्रिस्ती बांधवांच्या मृतात्म्यांच्या दिवसाला, मग नाताळला, आणि वर्षभर वाढदिवस-बारशाच्या भेटींना. म्हणजे मोसम तीन महिन्यांचा. बाकीचे नऊ महिने कर्जाचा हप्ता मात्र चालूच.

कायद्याचंही थोडं पाहावं. कर्नाटकात फक्त माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. पण चंदगड-गडहिंग्लजला माल गेला की तो आंतरराज्य व्यवहार. हस्तकलेच्या वस्तूंना त्यात सवलत आहे, पण अटींसह. म्हणून एकदा करसल्लागाराला विचारावं. ‘उद्यम’ नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, तिच्यासाठी कुणाला पैसे देऊ नका.

आणि मेण थेट आचेवर कधीही ठेवू नका, उकळत्या पाण्याच्या पातेल्यात दुसरं भांडं ठेवून वितळवा. पेटलंच तर पाणी ओतायचं नाही. गॅस बंद करून झाकण घालायचं. लहान मुलं घरात असतील तर हे काम दुपारी, ती शाळेत असताना करावं.

संघाने कर्ज तूर्त बाजूला ठेवलं आहे. बचतीतून दोन साचे घेतले आणि आधी ऑर्डरी लिहून घ्यायच्या, मग मेण आणायचं असा नियम केला. वहीत एक नवा रकाना आखला, ‘आपले तास’. तुम्ही पापड लाटत असाल वा पिशव्या शिवत असाल, हा रकाना तुमच्याही वहीत असू द्या. तो कोरा ठेवला की प्रत्येक धंदा फायद्याचाच दिसतो.